बाटलीचं भोक एवढं मोठं कुणासाठी?

भांड्यांच्या जेलची नवी बाटली आणा आणि झाकणाचं भोक नीट बघा. कित्येक बाटल्यांना चांगलं पाच मिलिमीटरचं भोक असतं. बाटली उलटी धरून जरा दाबली की घासणीवर भसकन एवढं जेल पडतं, की त्यात दोन वेळची भांडी निघावीत. मग नुसता फेस, आणि तो फेस घालवायला नळ धो धो सोडायचा. पंधरा दिवसांत बाटली संपते आणि बोलणी कोण खातं? भांडी घासणारी बाई. "जरा जपून वापरत जा." अहो, तिने काय जपायचं? भोक तिने पाडलंय का?

साधं शाळेतलं गणित आहे. भोक तीनऐवजी पाच मिलिमीटरचं केलं की त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट होतं. हात तेवढाच दाबला तरी माल निदान तेवढ्या पटीत जास्त येणार. कंपनीत बसलेल्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. त्याच बाटलीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'वाटीभर पाण्यात एक चमचा'. एक चमचा म्हणजे पाच मिली. मग पाच मिली मोजून देणारं झाकण का नाही लावत? औषधाच्या बाटलीबरोबर मापाची वाटी येते, जेलबरोबर येत नाही. संताप येतो तो इथे.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. भांड्यांच्या दुकानात सॉसची पिळायची बाटली मिळते, लांब निमुळत्या टोकाची. तिचं टोक ब्लेडने अगदी शेंड्याला कापा. पहिल्यांदा दीड-दोन मिलिमीटरपेक्षा मोठं भोक होऊ देऊ नका. टोक निमुळतं असतं, त्यामुळे जरा खाली कापलं की भोक लगेच मोठं होतं आणि परत लहान करता येत नाही. जेल फार घट्ट असेल तर नंतर केसभर आणखी कापा. बाटलीवर मार्करने ठसठशीत लिहा, नाहीतर कुणीतरी ती सॉस म्हणून उचलेल. आणि जेल थेट घासणीवर घ्यायचंच नाही. वाटीत एक चमचा जेल, वर साधारण २०० मिली पाणी, त्यात घासणी बुडवून पिळायची. तेलकट कढई आणि तवा शेवटी. खरकटं आधी काढलेलं नसेल तर यातलं काहीही चालणार नाही. भाताची शितं आणि वरणाचा थर साबणाने काढत बसायचं म्हणजे साबण वाया.

आता दुसरी चीड. घरोघरी ऐकू येणारा सल्ला, "अर्धी बाटली झाली की पाणी घाला, दुप्पट दिवस जाते." कोण देतं हे सल्ले? यातली बहुतेक जेलं मिठाने घट्ट केलेली असतात. साबणाचे रेणू आणि मीठ यांचं प्रमाण जमलेलं असतं म्हणून ती मधासारखी दिसतात. त्यात पाणी ओतलं की तो घट्टपणा एकदम कोसळतो, हळूहळू नाही. मग तेच पातळ पाणी त्याच पाच मिलिमीटरच्या भोकातून सरसर वाहतं. बाटली दुप्पट भरली आणि चौपट वेगाने रिकामी झाली. शिवाय जेल टिकवण्यासाठी घातलेलं रसायनही पातळ झालं, आणि तीन आठवड्यांनी बाटलीला आंबूस वास यायला लागला, तळाशी तार सुटली. ती बाटली फेकायची. ही बचत? पाणी घालायचंच असेल तर त्या दिवसापुरतं वाटीत घाला आणि रात्री उरलेलं ओतून द्या. बाटली अगदी संपताना तळाला चिकटलेल्यात पाणी घालून हलवायला हरकत नाही, पण ते दोन दिवसांत संपवा.

हँडवॉशचा पंप तर याच्याही वर. एकदा पूर्ण दाबला की साधारण दीड ते दोन मिली बाहेर. विश्वास नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या मापात पाच वेळा दाबा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. चार माणसं, प्रत्येकी सहा वेळा हात धुणं, म्हणजे रोज चोवीस दाब. २०० मिलीची बाटली चार-पाच दिवसांत साफ! लहान मुलं तर दोन-दोन वेळा दाबतात, कारण त्यांना तो खेळ वाटतो. पंपाच्या दांडीला, डोकं आणि झाकण यांच्यामध्ये, केसांचा जाड रबर तीन-चार वेढे देऊन गुंडाळा. दांडी अर्धीच खाली जाते आणि माल अर्धाच येतो. वेढे कमी-जास्त करून बघा, दोन्ही तळहातांना आणि बोटांच्या मधे पुरेल एवढं आलं की बास. खर्च शून्य. कारखान्यात हेच करता आलं नसतं का? आलं असतं. केलं नाही.

फोम पंप ही एकच जागा आहे जिथे पाणी घालणं खरंच परवडतं. त्याच्या आत बारीक जाळी असते, ती हवा मिसळून फेस करते, म्हणून एक भाग हँडवॉश आणि चार भाग पाणी पुरतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल एवढंच भरा. दुधाळ किंवा दाणेदार हँडवॉश मात्र यात घालू नका, जाळी बुजते आणि पंप गेलाच म्हणून समजा. साध्या पंपात हे मिश्रण भरलं तर ते पिचकारीसारखं समोरच्या भिंतीवर उडतं, त्यामुळे तो नाद नको.

पंपाची नळी तळापर्यंत पोचत नाही, हा आणखी एक छळ. खाली दहा-पंधरा मिली तसंच राहतं आणि लोक बाटली टाकून देतात. बाटली उलटी करून दुसऱ्या बाटलीच्या तोंडावर रात्रभर टेकवून ठेवा. पाउचचंही तेच. कोपरा कापून ओतलं की झालं असं नाही, वरच्या शिवणीत आणि घडीत बरंच अडकतं. पाउच पूर्ण उघडा कापा आणि चमच्याने निपटून काढा.

टूथपेस्टच्या जाहिरातीत ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट काढलेली दाखवतात ना, ती बघितली की डोकं फिरतं. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तिथे तर जास्त घेणं चुकीचंच, कारण ती गिळतात. जाहिरातीतली लाट एक ग्रॅमच्या आसपास भरते. चार मोठी माणसं, दोन वेळा ब्रश, पाव ग्रॅमने रोजचे दोन ग्रॅम: १५० ग्रॅमची ट्यूब पंचाहत्तर दिवस. लाटेने रोजचे आठ ग्रॅम: एकोणीस दिवसही नाहीत. दात काही चौपट स्वच्छ होत नाहीत, फक्त तोंड फेसाने भरतं आणि माणूस लवकर थुंकून मोकळा होतो.

डब्यातला भांड्यांचा साबण बघा. डबा गोल, बंद, खाली एक भोक नाही. पहिल्याच दिवशी त्यात पाणी साठतं, साबण त्यात बसून लगदा होतो आणि घासणी एका फेऱ्यात चमचा-दोन चमचे उचलते. दाभण पकडीत धरून गॅसवर तापवा, डब्याच्या तळाला सहा-सात भोकं पाडा, खिडकी उघडी ठेवून, कारण प्लास्टिकचा धूर वाईट. खाली झाकण उलटं ठेवा. साबण सुरीने चार तुकडे करून एकेकच बाहेर काढा. बोअरवेलचं जड पाणी असेल तर आंघोळीचा साबण आणखी पटकन संपतो, कारण पाण्यातला चुना आधी साबण खातो, मग बादलीला पांढरा थर बसतो. आंघोळीचा साबण घेताना पॅकवर 'टॉयलेट सोप' आहे की 'बाथिंग बार' ते वाचा. पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपात चरबीयुक्त भाग, म्हणजे टीएफएम, किमान ७६ टक्के लागतो, तिसऱ्या दर्जात ६०. बाथिंग बारला ४० टक्केही चालतात. टीएफएम कमी असलेली वडी सहसा लवकर मऊ पडते. वेष्टन मात्र दोघांचं सारखंच चकचकीत.

संडासाच्या क्लीनरमध्ये पाणी घालणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, नका घालू. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते मुद्दाम घट्ट केलेलं असतं, भांड्याच्या कडेला चिकटून राहावं म्हणून. पातळ केलं की घसरून खाली पाण्यात जातं आणि डाग तिथेच. कडेखालून एक फेरी घाला, वीस मिनिटं हात लावू नका, मग ब्रश. लोक ओततात आणि लगेच घासायला घेतात, डाग निघत नाही म्हणून परत ओततात. आणि त्यावर ब्लीच तर कधीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. माणसं गुदमरतात त्याने.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून 'घरगुती क्लीनर' बनवणारे व्हिडिओ कुणी थांबवेल का? एक आम्ल, दुसरा अल्क. एकत्र केले की फसफसतात आणि एकमेकांना मारतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. जड पाण्याचा पांढरा थर काढायचाय तर नुसतं व्हिनेगर कपड्यात भिजवून नळावर अर्धा तास गुंडाळा. करपलेलं भांडं घासायचंय तर नुसता सोडा. दोघांचे पैसे एकाच बाटलीत का जाळता?

आणि दुकानात गेल्यावर छापील किमतीखाली बारीक अक्षरात प्रति मिली किंवा प्रति ग्रॅम दर शोधा. पॅकेटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत पुढे बदल करून तो छापणं सक्तीचं केलंय. पण छापतात कसा? मुंगीएवढ्या आकड्यांत, घडीच्या आत, चंदेरी कागदावर पांढऱ्या शाईने. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा आणि शेजारच्या पॅकशी ताडा. 'फॅमिली पॅक' लिहिलेली बाटली दर मिलीला लहान बाटलीपेक्षा महाग निघते, असंही होतं, आणि शॅम्पूच्या एका रुपयाच्या पुड्या तर कितीदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. पूर्वी साबण आणि धुण्याची पावडर ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं. ते काढून टाकल्यापासून वडीचं वजन गुपचूप उतरतं, खोका तेवढाच राहतो. घरी जुनं वेष्टन जपून ठेवा आणि पुढच्या महिन्यात त्यावरचे ग्रॅम नव्या वेष्टनाशी जुळवून बघा.