फटक्यांनी लक्ष लागते, असे सांगणाऱ्या संदेशाबद्दल

गोव्यातील डिचोलीच्या आमच्या वहिनींचा मुलगा चौथीत आहे. वहीत अर्धेच उतरवणे, डबा शाळेत विसरणे, तास चालू असताना जागेवरून उठणे असे वर्षभर चालल्यावर वर्गशिक्षिकेने त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मनाच्या तक्रारी तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला, दाखवण्याचे सुचवले आणि वहिनींनी तारीखही घेतली. तेवढ्यात ‘मनाचे आजार : डॉक्टरांचा नवा धंदा’ हा संदेश महिला मंडळाच्या गटातून त्यांच्यापर्यंत पोचला व त्यांनी तारीख रद्द केली. “भावजी, यात खोटे काय ते सांगा,” असे म्हणून त्यांनी तो मला पाठवला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

असले आजार आपल्याकडे नव्हतेच, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे संदेशाचे पहिले वाक्य म्हणते. चरकसंहितेत उन्मादाच्या, म्हणजे वेडाच्या, निदानावर आणि चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहेत, एवढे उत्तर पुरे.

खरा अनर्थ दुसऱ्या मुद्द्यात आहे. ‘मुलांना मनाचा आजार होत नाही, लाड कमी करा, मोबाईल काढून घ्या, दोन फटके द्या, लक्ष आपोआप लागेल.’ ज्या क्लिनिकल सायकॉलॉजीविरुद्ध हा संदेश लिहिला आहे, त्या शास्त्राचा आरंभच एका शाळकरी मुलापासून झाला. 1896 मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने शब्दांची अक्षरे धड न जुळवता येणारा मुलगा आणला, आणि तपासणीत त्याची दृष्टीही अधू असल्याचे आढळले. त्याला चष्मा मिळाला व वेगळ्या पद्धतीने शिकवणे सुरू झाले. फटक्यांनी त्याचे डोळे सुधारले असते काय?

लक्ष न लागणे हे बाहेरून एकसारखेच दिसते. आत मात्र एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे जड जाण्याचा विकार) असू शकते, वाचनाची अक्षमता असू शकते, कमी ऐकू येत असेल, घरातल्या भांडणांची धास्ती असेल किंवा नुसती अपुरी झोप असेल. मुलांमधले नैराश्य तर पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून व्यक्त होते आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. एडीएचडीचे निदान करताना लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झाली आहेत, किमान सहा महिने टिकली आहेत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात आणि रोजच्या कामात अडथळा आणतात, हे सारे पडताळावे लागते. म्हणूनच आईवडिलांना व शिक्षकांना वेगवेगळे विचारले जाते. मोबाईल कमी करण्याचा सल्ला चुकीचा नाही, हे मान्य करतो. पण मुलगा किती वाजता झोपतो, हा प्रश्न त्या तपासणीतही विचारतातच.

‘नुसते बोलून कोणी बरे होत नाही’ या मुद्द्याला उत्तर गोव्यातच मिळते. येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटाला केंद्रातील नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला ते मिळाले नाही. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील 64 टक्के आणि दुसऱ्यातील 39 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरलेले होते. हे समुपदेशन करणारे डॉक्टरही नव्हते आणि मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती याच समाजातली, प्रशिक्षण घेतलेली माणसे होती. आजाऱ्याने सोडून दिलेली साधी कामे आणि माणसांतले येणेजाणे त्याच्याकडून पुन्हा सुरू करून घेणे, हा त्या बैठकांचा गाभा होता. यात कोणाचा कसला धंदा?

‘गोळ्यांची सवय लागते’ या संदेशातल्या पुढच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. झोपेच्या आणि धास्तीच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास खरोखरच सवय लागते. नैराश्यावरील औषधांची तशी ओढ लागत नाही; मात्र ती एकदम थांबवल्यास चक्कर, झोपमोड, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करतात. ‘आजच गोळ्या फेकून द्या’ असे लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावे, किंवा त्याची पर्वा नसावी. शिवाय आपल्याकडे गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ; क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो आणि मानसोपचार करतो. वहिनींनी रद्द केलेल्या तारखेला गोळीचा प्रश्नच नव्हता.

उरली तपासणीने मुलावर ‘वेड्याचा शिक्का’ बसेल ही भीती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वाचन-लेखनाची अक्षमता निघालीच, तर तिचे प्रमाणपत्र दाखवून परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

हे सारे सांगितल्यावर वहिनींनी पुन्हा फोन केला. आता पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. सहामाही परीक्षा त्याआधीच होईल.