दाब... धर... सोड!

माझी गाडी १९६०च्या दशकातली आहे. थांबते, नाही असं नाही, पण तिला आधी कळवावं लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून लायनर दाबून धरणारे, असले की गाडी थांबवणं म्हणजे अर्ज करणं. आज द्यावा, यथावकाश विचार होतो. इतक्या वर्षांत माझ्या उजव्या पायाला याची इतकी सवय झाली होती की लांबवर सिग्नल नुसता दिसला, अगदी हिरवा असला, तरी तो पाय पेडलकडे निघायचा. शेजारी बसलेली बायकोही तिच्या बाजूचं, मुळात नसलेलंच पेडल मनापासून दाबायची. चाकं पाण्यातून गेली की पहिले दोन-तीन अर्ज सरळ केराच्या टोपलीत.

घोडं अडलं ते एका लांबच लांब उतारावर. लागोपाठ ब्रेक मारले की ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि फुगला की आतल्या लायनरपासून आणखी लांब सरकतो. लायनरची पकडही तापून ढिली पडते. म्हणजे गरज जितकी जास्त, तितका ब्रेक आपल्यापासून दूर. उतार संपेपर्यंत माझं पेडल तळाला टेकलं होतं. बायकोचं कधीच टेकलं होतं. सपाटीला लागल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, एक तर हे ब्रेक बदला, नाहीतर..." तिनं ते 'नाहीतर' पुरं केलं नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅडनी चिमटणारे, बसवायचं मी तिथेच ठरवलं.

तसं ते नवं काही नव्हतंच. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९०२ सालीच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. १९५३ साली जग्वारनं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली ती डिस्क ब्रेक लावून आणि १९५५ साली सिट्रोएन डीएस ही फ्रेंच गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारात आली. माझी गाडी यानंतरची. म्हणजे बनवणाऱ्यांना कळलं होतं, फक्त मनावर घ्यायचं राहून गेलं होतं.

मेहुणा म्हणाला, "सोपं आहे हो भाऊजी! चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. शनिवारची सकाळ." हा गृहस्थ मूळचा उंटावरचा, पण त्याच्याकडे टॉर्क पाना असल्यामुळे त्याचं ऐकावं लागतं.

शनिवारी सकाळी आम्ही गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि पहिला ड्रम ओढला. तो हलला नाही. वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत कड तयार झालेली असते. लायनर त्या कडेमागे अडकून बसतात. लायनर पुढे-मागे सरकवणारा अॅडजस्टर उलटा फिरवून ते आत घेतले की ड्रम सुटतो, हे पुस्तकातलं झालं. आमचा अॅडजस्टर गंजून जागच्या जागी एकजीव झाला होता. गंजावर मारायचं तेल झालं, हातोडी झाली, मोठी हातोडी झाली, मग हातोडी न वापरता नुसते शब्द झाले. दुपारी चारला ड्रम आपण होऊन निघाला, जणू त्याला आत्ताच कोणी सांगितलं. आत काळी भुकटी साचलेली. मेहुण्यानं फुंकर मारायला छाती भरून घेतली आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ती धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्यानं टिपायची असते. तेवढ्यात एक स्प्रिंग सुटून कानाजवळून गेली. ती अजून सापडलेली नाही. तिची आता गरजही नाही, पण रात्री दिवा मालवला की आठवते.

नवी डिस्क आणि कॅलिपर, म्हणजे तिला पॅडनी चिमटणारा सांगाडा, मात्र झोकात बसले. मेहुणा अंग झाडत उठला. मग आम्ही चाक लावायला गेलो. तेरा इंची चाक कॅलिपरला आतून टेकलं आणि तिथंच बसलं, फिरायला तयार नाही. 'चौदा इंची चाक आवश्यक' हे खोक्याच्या तळाशी, आतल्या बाजूनं छापलेलं होतं. पुढचे तीन आठवडे गाडी स्टँडवर उभी होती. गाडी थांबत नाही अशी तक्रार करायला त्या काळात जागाच नव्हती.

चाकं आली. आता राहिली हवा काढायची. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात एक बुडबुडा राहिला तरी तुमचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. त्यासाठी एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करायचं, ऑइल आणि बुडबुडे नळीतून बरणीत आले की निपल आवळायचं आणि मगच आतल्यानं पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला, तर बाहेर काढलेली हवा सहकुटुंब आत परत येते. सुरुवात पेडलपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून करायची. आत बायको, चाकाशी मी, बरणी धरायला मेहुणा.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय हो."

"धरून ठेव हां, आता सोडतोय!"

तिनं पाय उचलला.

दोष कोणाचाच नव्हता. निपलही सोडायचं असतं आणि पेडलही सोडायचं असतं. क्रियापद एकच, माणसं दोन. आम्ही शब्द बदलले. मी 'सैल' म्हणणार, ती 'सोड'ची वाट बघणार. मग मेहुणा मध्येच बरणीवाल्याच्या अधिकारात 'सोड की!' म्हणाला आणि ते माझ्यासाठी होतं. तीन संध्याकाळी आमच्या संसारात या चार शब्दांखेरीज दुसरं बोलणं झालं नाही. दोन डबे ऑइल संपलं. त्यातलं थोडं बॉनेटच्या कडेला सांडलं आणि सकाळी तिथला रंग सालीसारखा उचलून आला होता. पेडल मात्र होतं तसंच. मऊ, समजूतदार, तळापर्यंत जाणारं.

तिसऱ्या दिवशी बायको आतून उतरली. बॅटरी घेऊन उकिडवी बसली आणि बराच वेळ कॅलिपरकडे बघत राहिली.

"अहो, हवा वर जाते ना?"

"जाते."

"मग हे तुमचं निपल खालच्या बाजूला कसं?"

मी बघितलं. मेहुण्यानंही बघितलं. डावा कॅलिपर उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. दोन्ही अगदी व्यवस्थित बसतात, हीच तर गंमत. फक्त वर असायला हवं ते निपल खाली येतं, आम्ही खालून इमानदारीनं ऑइल काढत राहतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात निवांत बसून राहते. मेहुण्याला एकदम कुठंतरी जायचं असल्याचं आठवलं. कॅलिपर अदलाबदल करायला अर्धा तास लागला. नंतर चार वेळा 'दाब-धर-सैल-सोड' झालं आणि पेडल दगडासारखं झालं. बायको हात धुऊन आत गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. ती निघाली, पण रडतखडत. ढकललं, तरी जडच. एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली न वाकताच विचारलं, "मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलाय ना?" मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणारं नळकांडं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढला तरी तो लाइनमध्ये साधारण दहा पीएसआय दाब शिल्लक ठेवतो. ड्रममध्ये लायनर मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना त्या दाबाचं काही वाटत नाही. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात. पॅड डिस्कला बिलगतात ते बिलगतातच. आमची गाडी कायम ब्रेक मारूनच चालत होती.

मग मास्टर सिलिंडर बदलला. जुन्यात एकच कप्पा होता, एक पाइप फुटला की चारही चाकं रामभरोसे. नव्यात पुढचा आणि मागचा वेगळा. मागे ड्रमच राहिले होते, ते आधी जाम होऊन गाडी फिरू नये म्हणून त्यांचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह लावला. आणि बूस्टर. ड्रममध्ये फिरता ड्रमच लायनरला स्वतःकडे खेचून मदत करतो, डिस्क तशी मदत करत नाही, सगळा जोर पायाला द्यावा लागतो. इंजिन हवा ओढून घेतं, त्या ओढीतून पायाला आयतं बळ देतो तो बूस्टर. शनिवारच्या त्या सकाळीला एव्हाना अडीच महिने झाले होते.

मोकळ्या रस्त्यावर पुन:पुन्हा वेग घेऊन, पुरतं न थांबता ब्रेक मारत पॅड बसवून घेतले. मग बायकोला शेजारी बसवून निघालो. लांबवर सिग्नल दिसला. लाल होता. पाय सवयीनं गेला, सवयीच्या वेळी, सवयीच्या जोरानं.

गाडी थांबली. तिथल्या तिथे. बायकोचा पाय अजून तिच्या पेडलपर्यंत पोचलाही नव्हता. समोर मोकळा रस्ता, त्याच्या टोकाला पांढरा पट्टा आणि त्याच्याही पलीकडे तो सिग्नल.

बायकोनं आधी सिग्नलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उतरू का इथंच? पुढे चालत जाऊ."

मागच्यानं हॉर्न वाजवला. मी पहिला गिअर टाकला.