आबांच्या फ्रेमबद्दल

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार, आणि "एक दिवस उशिरा दिलं, पाऊण तास दुकानात उभं केलं, अक्षरांभोवती पांढरे डाग, प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे 2,400 रुपये." डागांची चूक आमचीच. मनापासून माफी मागतो.

पण "उशिरा" हा शब्द फार लागला, म्हणून लिहितोय. राग मानू नका.

गुरुवारी दुपारी डिझाईन व्हॉट्सॲपवर पाठवलं. मागे सागवानी प्लाय, त्यावर निळ्या ॲक्रिलिकची कृष्णा नदी, मग सोनेरी मिरर ॲक्रिलिकची पट्टी, सगळ्यात पुढे एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) आपला सांगलीचा आयर्विन पूल आणि पुलावर सांगलवाडीहून सायकलवर येणारे आबा. कठड्याखाली "आजोबांची पंच्याहत्तरी" अशी आरपार कापलेली अक्षरं, त्यातून सोनेरी दिसतं. तुम्ही "मस्त, ओके" म्हणालात. आम्ही त्याच रात्री कापलं.

शुक्रवारी रात्री 9:40 ला मेसेज आला, "आजोबांची नको, आबांची करा. एकच अक्षर काढायचंय." घरात सगळे आबाच म्हणतात, हे मलाही पटलं. पण ताई, ते अक्षर पुलातच कापलेलं. एक "जो" काढायचा म्हणजे अख्खा पूल नव्याने. दगडांच्या रेघा लेझर मशीन ओळीओळीने कोरतं, तिथे घाई चालत नाही. मग जळक्या कडा घासायच्या, पॉलिशचे दोन हात, दोन्ही वाळायला हवेत. शिवाय आरपार कापलं की ब, च, प यांच्या पोटातले तुकडे सुटे पडतात. तांदळाच्या दाण्याएवढे. ते चिमट्याने एकेक जागेवर चिकटवायचे. रविवारी तुम्ही काउंटरपाशी उभ्या होतात तेव्हा मी तेच करत होतो. रविवारी आमचं दुकान बंद असतं. तुमचा कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणून सकाळी मी आणि मिसेसने उघडलं. दुसऱ्या पुलाचे पैसे मागितले नाहीत. हे बोलून दाखवायचं नव्हतं.

डाग त्या घाईतच पडले. झटपट चिकटणाऱ्या गमची वाफ बंद खोक्यात अडकली की चकचकीत ॲक्रिलिकवर पांढरी बसते. फ्रेम काही तास उघडी ठेवायला हवी होती, मी दहा मिनिटांत खोकं बंद केलं. फ्रेम आणून द्या, सोनेरी थर बदलून देतो, एक रुपया घेणार नाही. तोवर त्यावर काच पुसायचा स्प्रे किंवा सॅनिटायझर मारू नका, लेझरने कापलेल्या कडांना स्पिरिटने बारीक तडे जातात. मऊ ओलसर कापड पुरे.

ॲक्रिलिक प्लॅस्टिकच असतं, ते नाकारत नाही. पण 2,400 मध्ये हातकामही आहे.

फायनलनंतरच्या बदलांचं काहीतरी ठरवून दुकानात बोर्ड लावू. पुढच्या महिन्यात गणपती आहेत, वर्षाचं निम्मं काम आमचं तेव्हाच होतं, मशीनचा हप्ताही त्यावरच. लोक आधी स्टार बघतात, ताई. फ्रेम दुरुस्त झाल्यावर जमलं तर तेवढं दोन ओळींत लिहा.

आणि तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोत सायकलच्या मागच्या चाकाला डायनॅमो होता, तो मी ठेवलाय. आबांच्या लक्षात आला का, तेवढं नक्की कळवा.