‘मी अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही’ हे वाक्य आता फॉर्ममधून काढा

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की बहुतेक कॉलेजांत गेल्या वर्षीची फाइल उघडली जाते, साल बदलतं, फीचा आकडा बदलतो आणि नवा फॉर्म तयार झाला असं जाहीर होतं. त्यामुळे शेवटच्या पानावरचं हमीपत्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी या शैक्षणिक वर्षात अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही, तसं आढळल्यास माझा प्रवेश रद्द करावा, अशा अर्थाचं. खाली अर्जदाराची सही, त्याखाली पालकाची.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्येच एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला वाट मोकळी केली. फॉर्मला ती बातमी अजून पोचलेली नाही.

अठरा वर्षांच्या मुलांना याचा फारसा त्रास होत नाही. अडकतात ती मोठी माणसं. सकाळच्या बॅचला एलएलबी करणारा आणि सोबत मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या दूरस्थ केंद्रातून (नाव बदललं तरी सगळे अजून त्याला आयडॉलच म्हणतात) एमए करणारा बँकेतला कर्मचारी. मुक्त विद्यापीठातून बीए करता करता संध्याकाळी डिप्लोमाला बसू पाहणारी बालवाडी शिक्षिका. यांच्यापुढे फॉर्म दोनच पर्याय ठेवतो, एक कोर्स सोडा नाहीतर खोटं लिहा. बरेचजण सही करून मोकळे होतात. पण आता श्रेयांकांची (क्रेडिट्सची) नोंद एकाच एबीसी आयडीवर, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्यावर, होते. दोन्हीकडची नावनोंदणी कधी ना कधी एकमेकींसमोर येणारच, आणि तेव्हा प्रश्न विचारला जाईल तो खोट्या हमीपत्राबद्दल. कोर्स नियमात बसणारा, पण सही खोटी, असा हा विचित्र गुन्हा आपणच घडवून आणतो.

नियम काय आहे ते आधी नीट पाहू, कारण प्रवेश समितीतल्या अनेकांनाही तो अर्धवटच माहीत असतो. दोन्ही कोर्स वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक वर्गातला आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो. दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन असले तरी चालतात, मात्र असे कोर्स चालवायची मान्यता त्या संस्थेकडे हवी. पीएचडी यात नाही. विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांमार्फत यासाठी पद्धत ठरवायची असते, म्हणून कॉलेजने फॉर्मला हात लावण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक हाताशी ठेवावं. सुरुवातीला एप्रिल २०२२ पूर्वी अशा पद्धतीने मिळवलेल्या पदव्यांना ही सवलत नव्हती. जून २०२५ मध्ये यूजीसीने ती अट बदलली. चाळिशी-पन्नाशीतल्या अर्जदारांच्या जुन्या पदव्या तपासताना हे लक्षात ठेवायला हवं.

यूजीसीच्या वर आणखी एक चाळणी आहे, ती त्या त्या क्षेत्राच्या परिषदेची. मुंबईत नोकरी करून वकिली शिकणारे भरपूर, म्हणून कायद्याचंच उदाहरण घेऊ. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एलएलबीसोबत दुसऱ्या नियमित कोर्सला नोंदणी करायला मनाई आहे, पण विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्राचा कोर्स आणि भाषा किंवा संगणकाचा अल्प मुदतीचा, अर्धवेळ सर्टिफिकेट कोर्स यांना सूट आहे. म्हणजे एलएलबी आणि दूरस्थ एमए जमतं, एलएलबी आणि नियमित एमकॉम जमत नाही. आता हे खिडकीवर बसलेल्या क्लार्कने तोंडपाठ ठेवायचं का? नाही. फॉर्मनेच विचारायला हवं की दोन्हींपैकी एखादा कोर्स अशा परिषदेच्या अखत्यारीत येतो का. उत्तर ‘हो’ असेल तर तो अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जावा आणि समितीने पाहावा.

म्हणून जुन्या हमीपत्राच्या जागी साधारण असं काही यावं: ‘मी सध्या ____ या संस्थेत ____ या अभ्यासक्रमाच्या ____ वर्षात शिकत आहे / शिकत नाही. पद्धत: नियमित / दूरस्थ / ऑनलाइन. वर्गाची वेळ ____ ते ____, ठिकाण ____. यात बदल झाल्यास पंधरा दिवसांत कळवीन.’ एवढं पुरेसं आहे. ‘शिकत नाही’वर टिक केली की बाकीचे रकाने आपोआप बंद व्हावेत. नाहीतर एकच कोर्स करणारी बिचारी मुलं तिथे ‘लागू नाही’ असं पाच वेळा लिहीत बसतात.

ठिकाणाचा रकाना अनेकांना फालतू वाटेल. तो फालतू नाही. साडेदहाला चर्चगेटला लेक्चर संपलं आणि अकराला मुलुंडला दुसरं सुरू झालं तर कागदावर वेळा एकमेकांवर येत नाहीत, पण लोकलने ते गणित जमत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट दोन्हीकडे असते आणि ऑगस्टमध्ये दोनदा रुळांवर पाणी आलं की पहिला फटका अशाच विद्यार्थ्याला बसतो. प्रवेश नाकारू नका, पण हे त्याला प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगा. परीक्षांचंही तसंच. दोन विद्यापीठांच्या सत्र परीक्षा एकाच दिवशी आल्या तर कोणीही तारीख हलवत नाही. ही ओळ फॉर्ममध्ये ठळक छापावी, माहितीपुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर नको.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते एलसीवर, म्हणजे शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर. मूळ एलसी एकच असते आणि ती पहिल्या कॉलेजने जमा करून घेतलेली असते. दुसऱ्या कॉलेजच्या फॉर्ममध्ये ‘मूळ एलसी’समोर लाल तारा असतो, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग अर्जदार पहिल्या कॉलेजात एलसी परत मागायला जातो, आणि ती परत घेणं म्हणजे तिथला प्रवेश रद्द करणं. मायग्रेशनची, म्हणजे बोर्ड किंवा विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या प्रमाणपत्राचीही तीच गत. यूजीसीने यावर संस्थांना पत्र लिहून अडवणूक करू नका असं सांगितलेलं आहे. आणि मूळ गुणपत्रिका वगैरे समोर तपासून लगेच परत करायची, ठेवून घ्यायची नाही, ही सूचना तर २०१८ ची आहे.

उपाय सोपा आहे. रकाना दोन भागांत तोडा: ‘मूळ एलसी सोबत जोडली आहे’ किंवा ‘मूळ एलसी ____ कॉलेजात जमा आहे’. दुसरा पर्याय निवडल्यास एलसीची साक्षांकित प्रत आणि पहिल्या कॉलेजचं बोनाफाइड मागा. त्या बोनाफाइडवर कोर्सचं नाव, पद्धत आणि वर्गाची वेळ लिहिलेली असावी, नुसतं ‘आमचा विद्यार्थी आहे’ कामाचं नाही. इथे पहिल्या कॉलेजनेही जरा समजूतदारपणा दाखवायला हवा. बोनाफाइड मागितलं की ‘कशाला हवंय?’ म्हणून तोंड वाकडं करणारी ऑफिसं आपल्याकडे कमी नाहीत.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी झालेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना शाळेची एलसी नसतेच, मायग्रेशन आणि ट्रान्सफर मिळून एकच प्रमाणपत्र मिळतं. फॉर्ममध्ये एलसी क्रमांक सक्तीचा आणि मायग्रेशन क्रमांकही सक्तीचा असेल तर हा माणूस एकच क्रमांक दोन ठिकाणी टाकतो, आणि छाननीत ‘माहिती चुकीची’ असा शेरा पडतो. यादीत ‘एनआयओएस एकत्रित प्रमाणपत्र’ असा एक पर्याय वाढवला की विषय संपला. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावी झालेल्यांसाठी शाळेच्या नावाच्या रकान्यात ‘खासगी विद्यार्थी, संपर्क केंद्र ____’ असा पर्याय हवा.

आता वय. त्रेचाळीस वर्षांच्या बाईंकडून पालकाची सही मागणं हास्यास्पद आहे, पण ते घडतं. अर्जदार अठरा पूर्ण असेल तर प्रवेश अर्जावर त्याची स्वतःची सही पुरे. अपवाद एकच, रॅगिंगविरोधी हमीपत्र. २००९ च्या यूजीसी नियमावलीत विद्यार्थ्याबरोबर पालकांचं हमीपत्रही येतं, त्यामुळे ते सरसकट उडवता येत नाही. तिथे ‘आई / वडील’ एवढंच न छापता पती, पत्नी, भाऊ, बहीण असे पर्याय ठेवा. ‘पालकांच्या मोबाइलवर ओटीपी’ हा प्रकार मात्र तातडीने बंद करा. ज्यांचे आईवडील हयात नाहीत अशांनी काय करायचं? जन्मसालाची यादी २००० पासून सुरू होत असेल तर तीही मागे न्या.

नावाच्या घोळाबद्दल जरा सविस्तर, कारण विवाहित स्त्रियांचे अर्ज इथेच पडून राहतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीचा दाखला पुन्हा माहेरच्या नावाचा. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथे आधारवरचं नाव येतं. कॉलेजने गुणपत्रिकेवरून नाव चढवलं की दोन नोंदी जुळत नाहीत आणि श्रेयांक लटकतात. बाई दोन कोर्स करत असतील तर एका कॉलेजात एक नाव, दुसऱ्यात दुसरं, म्हणजे घोळ दुप्पट. फॉर्ममध्ये दोन स्वतंत्र ओळी ठेवा, ‘दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव’ आणि ‘आधारवरील नाव’. दोन्हींत फरक असेल तर तिसरी ओळ उघडावी: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र, यांपैकी जे असेल ते. दोन्ही मागू नका.

गुणांचा रकाना पाहा. एकूण गुण ५०० किंवा ६०० एवढेच पर्याय दिलेले असतात. जुन्या दहावीच्या गुणपत्रिका ७०० किंवा ७५० गुणांच्या आहेत. अर्जदार मग टक्केवारीवरून उलटा हिशेब करून काहीतरी आकडा टाकतो, आणि पडताळणीत फरक निघतो. एकूण गुणांचा रकाना मोकळा सोडा, टक्केवारी संगणकाला काढू द्या.

शिक्षणातल्या खंडासाठी स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र मागायची सवयही सोडायला हवी. जिथे कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नाही तिथे स्वयंघोषणापत्र घ्यावं, असा राज्य सरकारचा ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय आहे. वीस वर्षांच्या खंडाला नोटरीचा शिक्का लागला म्हणून तो खंड जास्त खरा होत नाही.

शिष्यवृत्तीपुरतं एकच: दोन कोर्सपैकी कोणत्या कोर्ससाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करणार, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली याच मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरदारांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. वेळापत्रक माणसासाठी हललं होतं. इथे तर चार रकाने हलवायचे आहेत.

सॉफ्टवेअरवाल्याला काम दिल्यावर पोर्टल उघडण्याआधी चार खोटे अर्ज भरून बघा. एक एनआयओएसवाला, एक माहेर-सासर नावांचा, एक ७५० गुणांचा, आणि एक ज्याची मूळ एलसी दुसऱ्या कॉलेजात आहे असा. चारही अर्ज मोबाइलवरून भरा, कारण नोकरी करणारा माणूस फॉर्म भरतो तो ट्रेनमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत. मधेच फोन आला आणि परत यावं तर सगळं पुसलेलं, असं होत असेल तर अर्धवट अर्ज साठवायची सोय आधी करून घ्या. आणि हे सगळं निकाल लागायच्या आत, माहितीपुस्तिका छापायला जाण्यापूर्वी. एकदा छापखान्यात गेली की ‘पुढच्या वर्षी बघू’ हे ठरलेलं उत्तर आहे.