बाया शेतात टिकवून ठेवण्याचे खात्रीशीर उपाय

शेतमालक दादांनो, सोयाबीन सोंगणीला आलंय आणि गावातल्या बाया डबा घेऊन एमआयडीसीकडे निघाल्यात. परवा फाट्यावर आमच्या गाडीला बुलेट आडवी लावून एका दादांनी बजावलं, "आधी माझं रान, मग तुमची कंपनी." तेव्हा कळलं, संकट मोठं आहे. म्हणून हे उपाय. फुकट देतेय.

बुलेट रोज आडवी लावा. कंपनीत अर्धा दिवस आमचा कापला जातो, पेट्रोल तेवढं तुमचं.

खापर लाडक्या बहिणीवर फोडा. महिन्याला 1500, म्हणजे दिवसाला 50 रुपये. बाई माजणारच! तुमच्या खात्यात वर्षाला केंद्राचे 6000 आणि राज्याचे 6000 येतात, तो मात्र शेतकऱ्याचा सन्मान.

एसटीचं काही करू नका. 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण आपल्या फाट्यावर ती थांबतच नाही.

बायांच्या इज्जतीची काळजी घ्या. रात्री आठला गाडीतून उतरली की पारावरून मोठ्यानं विचारा, "कुठून आली गं?" उसाच्या फडात तीच बाई पहाटे तीनला कोयता घेऊन उतरते, तेव्हा पारावर कुणी नसतं.

आता मुख्य उपाय, मजुरी. गड्याला 500, बाईला 300 हा दर अजिबात सोडू नका. समान वेतनाचा कायदा 1976 ला झाला, आपल्या बांधापर्यंत यायला वेळ लागायचाच. गड्याचं काम जड म्हणे. दिवसभर उकिडवं बसून खुरपण हलकं, नाही का? वाकून सोयाबीन कापणं हलकं, हाताला शेंगा टोचून रक्त निघतं ते हलकं, आणि धुऱ्यावर बसून तंबाखू मळत "हात चालवा गं" म्हणणं जड! बरं, ते 300 तरी संध्याकाळी हातात पडावेत. "माल विकला की देतो." माल विकला की "भावच पडला, पोळ्याला देतो." पोळ्याला बैलांना झूल येते. आमच्या सासूबाई अजून वेचणीचे पैसे मागायला तुमच्या ओट्यावर येतात आणि चहा पिऊन परत जातात.

आणि ऐका, कंपनी काही माहेर नाही. ठेकेदार मालकाच्या वाट्याचा पीएफसुद्धा आमच्याच पगारातून कापतो, बारा तास उभं करून आठ तासांची सही घेतो. संडासला जायचं तर सुपरवायझर घड्याळ बघतो. पण संडास आहे. महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात येतात, बँकेच्या पासबुकावर माझं नाव असतं. तुमच्या रानात वीस वर्षं खपलेल्या बाईचं नाव कुठल्या कागदावर आहे, दाखवा!

बाया मिळत नाहीत म्हणून रडता? तुमची सून दोन वर्षांपासून तालुक्याला मॉलमध्ये बिलिंगला जाते. तिच्या गाडीला लावा की बुलेट आडवी. नाही ना होत? मग आमच्या वाटेतून बाजूला व्हा, आणि सासूबाईंचे पैसे आज संध्याकाळी घरी आणून द्या.