बारा वर्षांच्या मुलाचा टी-स्कोअर कशाला काढता?

हल्ली कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत सोसायट्यांमध्ये रविवारी हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरं भरतात. मशीनमध्ये टाच ठेवायची, लगेच टी-स्कोअरचा कागद हातात. पन्नाशीपुढच्यांनी करून घ्यावी हौस. पण सहावी-सातवीतल्या लेकरांनाही रांगेत उभं केलेलं पाहिलं आणि राहवलं नाही.

टी-स्कोअर म्हणजे तरुण, पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या हाडांशी तुलना. वाढत्या मुलाचा तो उणे येणारच! मुलांचा झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना. आणि नुसत्या त्या आकड्यावरूनही मुलाला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ठरवत नाहीत. मोठा मार न लागता मणका दबणं किंवा कमी झेड-स्कोअरसोबत हातापायांची हाडं पुन्हा पुन्हा मोडणं, असं काही असावं लागतं. त्यामागे बहुधा दुसरं कारण निघतं: दीर्घकाळ स्टेरॉइड, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), स्नायूंचा आजार किंवा जन्मजात ठिसूळ हाडं. स्टेरॉइडवरचं मूल पाठ दुखते म्हणालं, तर दप्तरावर खापर फोडू नका, डॉक्टरांना गाठा.

बाकीच्या पोरांचं काय? अठरा-विशीपर्यंत हाडांची नव्वद टक्क्यांच्या आसपास कमाई होऊन जाते. नेमकी तीच वर्षं आपण शाळा, क्लास आणि टेस्ट सिरीजमध्ये कोंडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020च्या शिफारशीनुसार 10 ते 12 वयाला रोज 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात जेमतेम अडीचशे. उरलेलं दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी यांतून येऊ शकतं, पण डब्यात नूडल्स असतात आणि दुधात महागडी चॉकलेट पावडर.

'सकाळचं कोवळं ऊन' हे आपलं लाडकं प्रकरण. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण तेव्हा फारच कमी असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते, ते ऊन कामाचं. तेही उघड्या हातापायांवर, खिडकीच्या काचेआडून नाही. तेव्हा पोरं वर्गात. मधली सुट्टी मैदानावर घालवायला लावली तरी पुष्कळ झालं.

आणि उड्या हव्यात. हाडावर भार पडला की हाड भरतं. स्विमिंगच्या बॅचला हजारो रुपये मोजणाऱ्यांना वाईट वाटेल, पण पाण्यात तो भार पडत नाही. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, सगळं फुकट.

आमच्या आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आहे. पुढच्या वार्षिक सभेत ती काढायचा ठराव मी मांडणार आहे. पार्किंगवाले काका-काकू तुटून पडतील, तेव्हा अनुमोदनाला कोण कोण येतंय ते आत्ताच सांगा.