‘बर्फ लावू नका, पळा’: भरतीच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं की बीड-परभणी-लातूरकडच्या अकॅडम्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘बर्फ लावा म्हणणाऱ्या अमेरिकन डॉक्टरनंच माघार घेतली. जपाननं सिद्ध केलं की बर्फानं दुखापत भरत नाही. सूज हेच शरीराचं औषध. पाय मुरगळला तर गरम तेलानं रगडा आणि त्याच दिवशी पळा, पाय मोकळा होतो. एक्स-रे वगैरे सगळा धंदा.’ खाली हात जोडलेली चिन्हं आणि ‘जास्तीत जास्त पोरांपर्यंत पोचवा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं येणाऱ्यांत भरतीची पोरं बरीच असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: “सर, बरफ लावू का नको?” मेसेज सगळाच थापा असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याची फोडणी आहे, म्हणून तो गळी उतरतो.

डॉक्टरच्या माघारीचं आधी बघू. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार गोष्टींचं सूत्र मांडलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राईस’ म्हणून ते जगभर गेलं. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. मेसेज इथंच थांबतो. मर्किन मात्र थांबले नाहीत. लागल्या लागल्या दुखणं कमी करायला दहा मिनिटं बर्फ, मग वीस मिनिटं मोकळं, असं एकदोनदा करायला हरकत नाही, असंही ते सांगतात. सहा तास उलटून गेल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे बर्फाला त्यांनी हाकललं नाही, त्याची मुदत ठरवून दिली.

आता जपान. कोबे विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास खरा आहे. त्यात स्नायूला बरीच इजा केलेल्या उंदरांवर तीन दिवस वारंवार अर्धा-अर्धा तास बर्फ ठेवला, आणि दोन आठवड्यांनी पाहिलं तर नवे स्नायूतंतू तयार व्हायला उशीर झालेला दिसला. पण त्याच गटानं २०२३ मध्ये इजा अगदी थोड्या तंतूंपुरती असेल तर काय होतं हे तपासलं, तेव्हा बर्फानं स्नायू भरून यायला उलट मदत झाली. तोही प्रयोग उंदरांवरच. तेव्हा ‘सिद्ध केलं’ म्हणायचं असेल तर एवढंच म्हणता येईल की इजा केवढी आहे त्यावर बरंच ठरतं. आणि मुरगळलेल्या घोट्यात दुखावतं ते मुख्यतः लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. स्नायूचा निकाल जसाच्या तसा तिथं चिकटवता येत नाही.

‘सूज हेच औषध’ यातही तथ्य आहे. मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या आणि नव्यांना वाट करून देणाऱ्या पेशी सुजेमागच्या दाहातूनच येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून सूज उतरवायच्या गोळ्यांचा मारा मलाही पटत नाही. पण गुडघ्यात पाणी साठलं की मांडीचा पुढचा स्नायू ताकद लावायचंच सोडून देतो; पोरगं पाय ताठ उचलायला जातं आणि मांडी नुसती थरथरते. अशा वेळी व्यायामाआधी थोडा बर्फ लावला की दुखणं कमी होतं आणि तोच स्नायू पुन्हा कामाला लागतो. बर्फानं जखम भरत नाही, कबूल. तो हालचालीला वाट करून देतो. ‘बर्फ की हालचाल’ हे भांडण मला म्हणूनच कळत नाही.

बर्फाचा खरा धोका मेसेजमध्ये आलाच नाही. उन्हाळ्यात रसवंतीवरून लादीचा तुकडा आणायचा, रुमालात गुंडाळायचा आणि पायाला करकचून बांधून झोपायचं, हा आपल्याकडचा प्रकार. एक मावशी पोराला घेऊन आल्या होत्या. घोट्याच्या बाहेर चौकोनी लालबुंद डाग, कडेला फोड. “काय करावं सर, सूज उतरंल म्हणून रातभर बरफ बांधला.” मुरगळणं किरकोळ होतं, फोडानंच जास्त दिवस खाल्ले. काही जण त्यात मीठही टाकतात. कुल्फीवाला मिठाचा बर्फ वापरतो तो शून्याच्या खाली गारवा जावा म्हणून; कातडीवर तो ठेवायचा नसतो. ओला पातळ कपडा मध्ये, दहा मिनिटं, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जपून, कारण तिथं पाऊल उचलणारी नस अगदी कातडीलगत असते. साखरेच्या आजारानं पायाची संवेदना गेलेल्या माणसानं बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

मेसेजमधलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे ‘त्याच दिवशी पळा’. हालचाल लवकर सुरू करावी, याला भक्कम आधार आहे. मांडी-पोटरीचा स्नायू फाटलेल्या हौशी खेळाडूंवर डेन्मार्कमध्ये अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो छापून आला. व्यायाम दोन दिवसांनी सुरू केलेले, नऊ दिवसांनी सुरू केलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळायला लागले. मुरगळलेल्या घोट्याचंही तसंच; पहिल्या आठवड्यातच व्यायाम करणाऱ्यांचा पाय लवकर कामाचा झाला, हे २०१० च्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. पण हा व्यायाम म्हणजे १६०० मीटर नव्हे. बाजेवर बसून पावलानं हवेत अक्षरं काढायची, टाच भिंतीला टेकवून पंजा वर ओढायचा, दुखणं सोसेल इतकाच भार देत चालायचं, नंतर एका पायावर उभं राहायचं. पळणं या सगळ्याच्या शेवटी येतं.

आणि दुखापत मोठी असली तर हेही लगेच नाही. घोटा इतका मुरगळला की पाय टेकवतच नाही, अशा ५८४ जणांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, २००९ साली. त्यात दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलेल्यांचा पाय नुसती लवचिक पट्टी बांधलेल्यांपेक्षा लवकर सुधारला. नऊ महिन्यांनी फरक उरला नाही, पण ग्राउंड तोंडावर असलेल्याला नऊ महिने कुठले? पोरं मला अडथळ्यांची शर्यत पळणाऱ्या अविनाश साबळेचं नाव सांगतात, तो कसा दुखणं मारून पळतो वगैरे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी जुलै २०२५ मध्ये मोनाकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, आणि त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली. फाटलेलं लिगामेंट बर्फानंही सांधत नाही आणि पळूनही नाही.

नडगीचं दुखणं तर या सगळ्याहून वेगळं. डांबरी रस्त्यावर एकदम सराव वाढवला की नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. सुरुवातीला पळताना दुखतं, मग चालताना, मग झोपेतही. बोटानं दाबलं तर एकाच ठिकाणी कळ येते. अशा पायावर स्प्रे मारून, बर्फ लावून पोरं ग्राउंडला उतरतात. इथं ‘पाय मोकळा होतो’ म्हणणाऱ्यानं त्या पोराचं वर्ष घालवलं समजा. यावर उपाय एकच, काही आठवडे पळणं बंद. हे ऐकताना पोरांचे चेहरे बघवत नाहीत, पण चीर वाढून हाड मोडलं तर काही महिने जातात.

गरम तेलानं रगडण्याबद्दल फार बोलत नाही. पहिले दोन-तीन दिवस आत रक्तस्राव चालू असू शकतो. त्यावर शेक आणि जोराचं मालिश म्हणजे सूज दुप्पट करून घेणं. नंतर हलक्या हातानं तेल लावायचं तर खुशाल लावा, आजीलाही बरं वाटेल.

राहिला एक्स-रेचा धंदा. प्रत्येक मुरगळण्याला फोटो लागत नाही, हे खरंच आहे, आणि नको तिथं काढले जातात हेही. म्हणूनच कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम करून दिले. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर वर आलेलं हाड दाबून दुखतं का? आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड? लागलं तेव्हा आणि आत्ता, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? दाबून कुठंच हाड दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर फोटोवरचे पैसे वाचवा. एका जरी ठिकाणी हाड दुखलं किंवा चार पावलं पडली नाहीत, तर पोराला गाडीवर बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. उंचवट्यावर पाय ठेवून, वाटलं तर कपड्यातून बर्फ लावून, पण त्याच दिवशी न्या.